चार वर्षं टिकलेला डब्लिन आर्टेन मतदारसंघ: आयर्लंडची मोफत सरकारी दफ्तरं मुंबईतून वापरताना

मतदारसंघ कसा जन्मतो आणि कसा पुसला जातो, हे मुंबईकरांना सांगायला नको. महापालिकेच्या 227 प्रभागांचे 236 झाले आणि त्या रचनेवर एकही मत पडण्याआधी 2022 मध्ये परत 227 झाले. 2008च्या पुनर्रचनेत विधानसभेच्या यादीतून माझगाव गेलं, दादर गेलं. शहर जिल्ह्यातल्या 17 जागांच्या 10 झाल्या, उपनगरातल्या 17 च्या 26. अशा गेलेल्या मतदारसंघाची कुंडली मांडायची तर तीन कागद हातात लागतात: हद्द ठरवणारा कायदा किंवा आदेश, त्यावर सभागृहात झालेली चर्चा आणि निकालाचे मूळ आकडे. हे तिन्ही एका बैठकीत, फुकट आणि घरबसल्या मिळण्याची सोय फार थोड्या देशांनी केली आहे. आयर्लंड त्यातला एक.

इथे परीक्षण आहे ते त्या देशाच्या दोन सरकारी संकेतस्थळांचं. एक आयरिश स्टॅट्यूट बुक, म्हणजे तिथल्या अ‍ॅटर्नी जनरलच्या कार्यालयाने चालवलेलं कायद्यांचं दफ्तर. दुसरं आयरिश संसदेचं, म्हणजे इरॅक्टसचं. जोडीला इलेक्शन्स आयर्लंड नावाचं निकालांचं एक खासगी संकेतस्थळ. कसोटीसाठी निवडला आहे डब्लिन आर्टेन हा मतदारसंघ, कारण तो एकाच सार्वत्रिक निवडणुकीपुरता जगला आणि त्याच्यामागे आयर्लंडच्या निवडणूक इतिहासातला सगळ्यात गाजलेला हद्दींचा डाव आहे. नोंदणी लागत नाही, पैसे लागत नाहीत, आणि डब्लिनच्या कार्यालयीन वेळेशी काही देणंघेणं नाही. राज्यशास्त्राचे विद्यार्थी, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे आणि प्रभागरचनेच्या हरकती लिहिणारे कार्यकर्ते, तिघांच्याही उपयोगाची ही चीज आहे.

आधी आर्टेनबद्दल थोडं. डब्लिनच्या उत्तरेकडचं हे उपनगर. 1974च्या कायद्याने इथे तीन जागांचा मतदारसंघ तयार झाला, 16 जून 1977 ला त्यावर मतदान झालं आणि 11 जून 1981च्या निवडणुकीपर्यंत तो यादीतून गेलेला होता. इतक्या अल्प आयुष्यात त्याने देशाला एक पंतप्रधान दिला. चार्ल्स हॉही डिसेंबर 1979 मध्ये पंतप्रधान झाले तेव्हा ते डब्लिन आर्टेनचे आमदार होते. (आयर्लंडच्या कनिष्ठ सभागृहाला डॉइल म्हणतात. तिथल्या सदस्याला इथे सोयीसाठी आमदार म्हटलं आहे.) 1957 पासून 1977 पर्यंत ते डब्लिन नॉर्थ-ईस्टमधून निवडून येत होते आणि 1981 पासून डब्लिन नॉर्थ-सेंट्रलमधून. मधली चार वर्षं आर्टेनची.

कायद्याचं दफ्तर

सुरुवात इथूनच करावी. स्टॅट्यूट बुकात 1922 पासूनचे कायदे आहेत आणि त्यांची मांडणी साधी आहे: वर्ष, मग त्या वर्षातला अनुक्रमांक. आपल्याला हवा तो इलेक्टोरल (अमेंडमेंट) अ‍ॅक्ट, 1974चा क्रमांक 7. पानाच्या पत्त्यातही आधी वर्ष आणि मग क्रमांक अशीच रचना असते, त्यामुळे एकदा घडी कळली की शोधखिडकीची गरज उरत नाही. वर्ष आणि क्रमांक बदलायचे, पुढचा कायदा समोर येतो.

नवखा माणूस इथे हमखास एक चूक करतो. तो शोधखिडकीत मतदारसंघाचं नाव टाकतो. मतदारसंघाचं नाव कायद्याच्या शीर्षकात कधीच नसतं, ते शेवटी जोडलेल्या परिशिष्टात असतं. शिवाय 'अमेंडमेंट' हा शब्द असलेले निवडणूक कायदे आयर्लंडमध्ये ढीगभर आहेत. त्यातल्या काहींचा हद्दींशी संबंधच नाही. म्हणून नावावरून नव्हे, वर्षावरून जावं. आपल्या कामापुरती तीन वर्षं ध्यानात ठेवली तरी पुरे: 1969चा क्रमांक 3, 1974चा क्रमांक 7 आणि 1980चा क्रमांक 17. आर्टेन पहिल्यात नाही, दुसऱ्यात आहे, तिसऱ्यात नाही. तिन्ही परिशिष्टं शेजारी-शेजारी उघडली की त्याचं जन्म-मरण डोळ्यांसमोर येतं.

परिशिष्टात प्रत्येक मतदारसंघाला तीन गोष्टी मिळतात: नाव, क्षेत्र आणि जागांची संख्या. क्षेत्र शब्दांत सांगितलेलं असतं, स्थानिक प्रशासकीय विभागांच्या नावांनी. नकाशा नसतो. ही या दफ्तराची सगळ्यात मोठी उणीव. आपल्याकडे महापालिकेच्या प्रभागरचनेचा मसुदा हरकतींसाठी निघतो तेव्हा त्याबरोबर नकाशे असतात, सीमा कुठल्या रस्त्याने, नाल्याने, रेल्वेमार्गाने जाते ते बघता येतं. आर्टेनसाठी तसं काही मिळत नाही. डब्लिनच्या विभागांच्या सीमा नंतर बदलल्या असल्यामुळे आजच्या नकाशावर तीच नावं शोधून रंग भरले तर चित्र चुकतं. नावांची यादी उतरवून घ्यावी, त्या काळचा विभागांचा नकाशा मिळेपर्यंत सीमा अंदाजाने रंगवू नये.

दुसरा खड्डा तारखेचा. कायदा 1974चा म्हणून मतदारसंघ 1974 पासून धरणारे लोक असतात, आणि मग मधल्या पोटनिवडणुकांची सांगड बसत नाही. नव्या हद्दी लागू होतात त्या चालू डॉइल विसर्जित झाल्यानंतरच्या निवडणुकीला. तोवर जुनेच मतदारसंघ चालतात. त्याच नियमाने 1980चा कायदा झाला तरी आर्टेन लगेच संपला नाही. 1981च्या विसर्जनापर्यंत त्याचे आमदार डॉइलमध्ये बसत होते. म्हणून मतदारसंघाची वर्षं 1974 ते 1980 लिहायची नाहीत, 1977 ते 1981 लिहायची.

तिसरी खबरदारी अशी की कायद्याचं पान उघडतं ते मंजूर झाला त्या दिवशीच्या मजकुराचं. पुढे त्यात काय बदललं, तो रद्द झाला का, हे त्याच संकेतस्थळावरच्या कायदे-निर्देशिकेत वेगळं बघावं लागतं. इतिहासाच्या अभ्यासकाला मूळ मजकूरच हवा असतो, त्यामुळे ही रचना आपल्या पथ्यावर पडते. वकिलाने मात्र निर्देशिका न बघता काहीही उद्धृत करू नये.

परिशिष्टं वाचायची कशी

आकडे मोजायला लागलं की या दफ्तराची खरी किंमत कळते. 1969च्या कायद्यात 42 मतदारसंघ आणि 144 जागा होत्या: तीन जागांचे 26, चार जागांचे 14, पाच जागांचे 2. 1974च्या कायद्यातही मतदारसंघ 42च, जागा 148: तीनचे 26, चारचे 10, पाचचे 6. एकूण संख्या 42 आणि तीन जागांचे 26, दोन्ही आकडे जसेच्या तसे. नुसती बेरीज पाहणाऱ्याला वाटेल की किरकोळ दुरुस्ती झाली. पण ते 26 आहेत कुठे, हे परिशिष्टात बघा. 1969 मध्ये डब्लिनमधले बहुतेक मतदारसंघ चार जागांचे होते. 1974 मध्ये डब्लिन शहर आणि परगण्यात मिळून 14 मतदारसंघ झाले आणि त्यातले 13 तीन जागांचे. एकटा डन लिअरी चार जागांचा राहिला. बेरीज तशीच ठेवून तीन जागांचे मतदारसंघ राजधानीत आणून ठेवले, हाच तो डाव. त्या वेळच्या आघाडी सरकारातले स्थानिक स्वराज्य मंत्री जेम्स टली यांच्या नावावरून तो 'टलीमँडर' म्हणून ओळखला जातो ('जेरीमँडर', म्हणजे पक्षाच्या सोयीने आखलेल्या हद्दी, या शब्दावरून). त्याआधीची 1969ची रचना फिआना फॉल पक्षाच्या केव्हिन बोलंड या मंत्र्याची होती, आणि तीही आपल्या पक्षाकडे बघूनच आखलेली होती. एकाला खलनायक ठरवून मोकळं होता येत नाही.

तीन जागा किंवा चार जागा यात एवढं काय, हा प्रश्न ज्यांना पडेल त्यांनी विधान परिषदेचं गणित आठवावं. जुलै 2024 मध्ये 11 जागांसाठी 274 आमदार मतदार होते. आपल्याकडे प्रत्येक मताची किंमत 100 धरतात, म्हणजे 27,400 ला 12 ने भागायचं, अपूर्णांक सोडायचा, एक मिळवायचा. कोटा 2,284, म्हणजे व्यवहारात 23 आमदार. आयर्लंडमध्ये डॉइलसाठी सामान्य मतदार याच पसंतीक्रमाच्या पद्धतीने मत देतात, आणि कोटाही याच सूत्राने निघतो: वैध मतं भागिले जागा अधिक एक, आणि वर एक.

समजा एखाद्या मतदारसंघात 30,000 वैध मतं आहेत. तीन जागा असतील तर कोटा 7,501. फिआना फॉलला 40 टक्के, म्हणजे 12,000 मतं मिळाली तर एक जागा पक्की होते आणि दुसरीला 3,002 मतं कमी पडतात. समोर फिन गेल आणि लेबर या दोन सत्ताधारी पक्षांची मिळून 56 टक्के, म्हणजे 16,800 मतं असतील आणि त्यांचे मतदार दुसरी पसंती एकमेकांना देत असतील, तर दोन कोटे म्हणजे 15,002 सहज पार होतात. निकाल दोनास एक. हीच मतं चार जागांच्या मतदारसंघात मोजा. कोटा 6,001 होतो, फिआना फॉलच्या 12,000 मतांना दोन कोट्यांसाठी फक्त दोन मतं कमी पडतात, आणि निकाल दोनास दोन. डब्लिनमध्ये बोलंड यांनी चारचे का ठेवले आणि टलींनी तीनचे का केले, ते या चार ओळींत आलं.

आता फिआना फॉलची मतं 40 वरून 48 टक्क्यांवर न्या आणि आघाडीची 46 वर आणा. तीन जागांच्या मतदारसंघात फिआना फॉलकडे 14,400 मतं. पहिल्या जागेनंतर 6,899 उरतात. आघाडीकडे 13,800, पहिल्या जागेनंतर 6,299. तिसऱ्या जागेच्या शर्यतीत फिआना फॉल पुढे, निकाल त्यांच्या बाजूने दोनास एक. चार जागा असत्या तर याच मतांवर बरोबरी राहिली असती. म्हणजे तीन जागांचा मतदारसंघ ही दुधारी सुरी आहे: आपण पुढे असताना जितकं मिळवून देते, मागे पडल्यावर तितकंच कापून नेते.

1977 मध्ये नेमकं तेच झालं. फिआना फॉलला देशभरात 50.6 टक्के मतं पडली आणि 148 पैकी 84 जागा मिळाल्या, म्हणजे जवळपास 57 टक्के. फिन गेल 43 वर आला, लेबर 17 वर. पंतप्रधान लियम कॉसग्रेव्ह यांचं आघाडी सरकार गेलं. आर्टेनमध्ये एक जागा फिआना फॉलच्या हॉहींनी घेतली आणि एक नोएल ब्राउन यांनी. हे ब्राउन म्हणजे 1948 ते 1951 या काळात क्षयरोगाविरुद्धच्या मोहिमेमुळे नावाजलेले आरोग्यमंत्री. 1977 मध्ये ते लेबरकडून नव्हे, स्वतंत्रपणे उभे होते. तेव्हा तीन जागांपैकी दोन आघाडीला मिळायच्या हा हिशेब आर्टेनमध्ये बसणं शक्यच नव्हतं. शेजारच्या डब्लिन क्लॉन्टार्फमध्ये, त्याच एका निवडणुकीपुरत्या जगलेल्या दुसऱ्या मतदारसंघात, टपाल आणि तार खात्याचे मंत्री कॉनर क्रूझ ओब्रायन पडले. हॉही आणि ओब्रायन दोघेही आधी डब्लिन नॉर्थ-ईस्ट या एकाच मतदारसंघाचे आमदार होते, हे लक्षात घेतलं की जुन्या मतदारसंघाची फाळणी कशी झाली ते समजायला मदत होते.

संसदेच्या नोंदी

इरॅक्टसच्या संकेतस्थळावर डॉइलच्या 1919 पासूनच्या आणि वरिष्ठ सभागृहाच्या 1922 पासूनच्या चर्चा शब्दशः आहेत. संपूर्ण मजकुरात शोध घेता येतो, तारखेने आणि सदस्याच्या नावाने चाळता येतं. गुणवत्तेच्या दृष्टीने या परीक्षणातली ही सगळ्यात उत्तम सेवा.

आर्टेनच्या चर्चेसाठी 1974 ही तारीख टाकून शोधलं तर निम्मं हाती लागतं आणि बरंच सुटतं, कारण विधेयक 1973चं आहे. डॉइलमधली चर्चा 1973च्या अखेरीस सुरू झाली. शोध 1973च्या उत्तरार्धापासून 1974च्या वसंतापर्यंत लावावा. मग टप्प्यांचा क्रम पाळावा. दुसऱ्या वाचनाच्या चर्चेत हेतू, आरोप आणि प्रत्यारोप असतात. ती भाषणं लांब असतात आणि वाचायला रंजक असतात. पण हद्दींचा खरा तपशील समिती टप्प्यात असतो, जिथे परिशिष्टावरच्या दुरुस्त्या एकेक करून चर्चेला येतात. बहुतेक वाचक दुसऱ्या वाचनानंतर थांबतात. तिथे थांबू नये.

संदर्भ देताना जुन्या चर्चांचा खंड क्रमांक आणि स्तंभ क्रमांक द्यायची पद्धत आहे. पडद्यावरचा मजकूर सलग दिसतो म्हणून नुसती तारीख लिहून चालत नाही. एका दिवसाची चर्चा कित्येक पानांची असते आणि दुसऱ्याला तुमचं वाक्य सापडत नाही. आणि हे काम संगणकावर करावं. लोकलमध्ये उभ्याने फोनवर वाचायला भाषण ठीक आहे, परिशिष्टाची तुलना आणि मतांचे तक्ते फोनच्या पडद्यावर जमत नाहीत.

सदस्यांची पानं हा या संकेतस्थळाचा आणखी एक उपयुक्त भाग. प्रत्येक सदस्याने कुठल्या डॉइलमध्ये कुठल्या मतदारसंघाचं प्रतिनिधित्व केलं, हे तिथे दिलेलं असतं. 1977 ते 1981 हे 21वं डॉइल. ते निवडून मतदारसंघावरून यादी काढली की आर्टेनचे सदस्य मिळतात. आयरिश नावांचं स्पेलिंग उच्चारावरून लागत नाही, हॉही हे नाव ऐकून लिहायला गेलात तर शोध रिकामा येण्याची शक्यता दाट. म्हणून नाव टंकण्याऐवजी यादीतून निवडावं.

सदस्यांच्या या नोंदी वाचताना एक लक्षात येतं. डिसेंबर 1979 मध्ये पंतप्रधान जॅक लिंच यांच्या राजीनाम्यानंतर फिआना फॉलच्या नेतेपदासाठी दोघांत लढत झाली. हॉहींना 44 मतं, जॉर्ज कॉलींना 38. हॉही आर्टेनचे, कॉली क्लॉन्टार्फचे. फिआना फॉलला डब्लिनमध्ये रोखण्यासाठी काढलेल्या दोन शेजारच्या मतदारसंघांतून देशाच्या नेतृत्वाचे दोन्ही उमेदवार आले. निवडणूक इतिहासावरची पुस्तकं टलींचा डाव उलटला एवढं सांगून थांबतात. तो किती उलटला, हे या नोंदी शेजारी ठेवल्यावर कळतं.

आर्टेनचा इतिहास शोधताना आणखी एक नोंद टाळता येणार नाही आणि टाळू नये. 14 फेब्रुवारी 1981च्या पहाटे आर्टेनमधल्या स्टारडस्ट या नाइटक्लबला आग लागली आणि 48 तरुण माणसं गेली. पंतप्रधानांचा स्वतःचा मतदारसंघ. त्याच सप्ताहाअखेर भरायचं फिआना फॉलचं अधिवेशन पुढे ढकललं गेलं आणि निवडणूकही लांबली. क्लबचं नाव टाकून शोधलं की त्या दिवसांतल्या चर्चेपासून पुढच्या दशकांतल्या चर्चा येतात: चौकशी, भरपाई, पुन्हा चौकशीची मागणी, आणि 2024 मध्ये हे मृत्यू म्हणजे बेकायदा हत्या असल्याचा निवाडा आल्यावर सरकारने डॉइलमध्ये मागितलेली माफी. मतदारसंघ 1981 मध्ये संपला, पण तिथल्या कुटुंबांचं गाऱ्हाणं सभागृहात चाळीस वर्षांवर चालू राहिलं. हे एका शोधात दिसतं, यासाठी या दफ्तराचे आभार मानावेत तितके थोडे.

निकालांचे तक्ते

1977च्या निवडणुकीनंतर सरकारने निकाल आणि मतांच्या हस्तांतरणाची पुस्तिका छापली होती. तिचं स्कॅन इरॅक्टसच्या संकेतस्थळावर आहे. मुखपृष्ठावरून ते सापडत नाही, निवडणुकांच्या विभागात जावं लागतं. इलेक्शन्स आयर्लंडवर हेच आकडे फेरीनिहाय मांडलेले मिळतात आणि ते वाचायला जास्त सोपे आहेत. शिफारस अशी: समजून घेण्यासाठी खासगी संकेतस्थळ, उद्धृत करण्यासाठी पुस्तिका.

तक्ता वाचताना पहिल्या स्तंभात पहिल्या पसंतीची मतं बघावीत आणि शेजारी कोटा लिहून घ्यावा. पुढच्या प्रत्येक स्तंभावर कोणाची जादा मतं वाटली किंवा कोण बाद झालं ते लिहिलेलं असतं. ज्याची मतं वाटली त्याच्यासमोर उणे आकडा, बाकीच्यांसमोर अधिक. तळाशी अहस्तांतरणीय मतांची ओळ असते. ती मतं कोणालाच गेलेली नसतात, कारण शर्यतीत उरलेल्या कोणालाही मतदाराने पुढची पसंती दिलेली नसते. एकाच पक्षाचा उमेदवार बाद झाल्यावर त्याच्या सहकाऱ्याकडे किती मतं गेली आणि मित्रपक्षाकडे किती, हे याच तक्त्यावरून मोजायचं. टलींचा सगळा हिशेब फिन गेल आणि लेबरच्या मतदारांनी एकमेकांना पसंती देण्यावर उभा होता, तेव्हा 1977चा कुठलाही डब्लिनचा तक्ता तपासायचा तर आधी ही वजाबाकी करावी.

मुंबईतल्या वाचकाची इथे एक गल्लत होऊ शकते. आपल्याकडे विधान परिषदेत आणि राज्यसभेत जादा मतं कमी किमतीने पुढे सरकतात, म्हणून प्रत्येक मत 100चं धरतात. डॉइलच्या मोजणीत अपूर्णांक नाहीत. अख्ख्या मतपत्रिका उचलून दुसऱ्याच्या गठ्ठ्यात ठेवतात. जादा मतं पहिल्याच फेरीत निघाली तर त्या उमेदवाराच्या सगळ्या पत्रिका दुसऱ्या पसंतीप्रमाणे वेगळ्या करून प्रमाणात उचलतात, पुढच्या फेरीत निघाली तर फक्त शेवटी आलेला गठ्ठा तपासतात. म्हणून आपलं सूत्र लावून आयरिश तक्त्याचा ताळा जमवायला गेलात तर तो काही मतांनी फसतो. तक्ता बरोबर असतो. आणि मुंबई पदवीधर मतदारसंघाशी तुलना करायची तर तिथे एका वेळी एकच जागा असते, कोटा निम्म्याहून एक जास्त, त्यामुळे जादा मतं वाटण्याचा प्रश्नच येत नाही, फक्त बाद झालेल्यांची मतं सरकतात.

1980चा कायदा आणि पुढे

आर्टेन का गेला, याचं उत्तर 1980च्या परिशिष्टात आहे. 1977 मध्ये सत्तेवर आलेल्या लिंच सरकारने हद्दींचं काम मंत्र्याच्या हातून काढून आयोगाकडे दिलं. 1976ची जनगणना काटकसरीसाठी रद्द झाली होती, ती 1979 मध्ये झाली, आणि तिच्या आकड्यांवर नवी रचना बसली: 166 जागा, 41 मतदारसंघ, तीनचे 13, चारचे 13, पाचचे 15. तीन जागांचे 26 वरून 13 झाले म्हणजे डब्लिनमधले छोटे तुकडे पुन्हा जोडले गेले. आर्टेन, क्लॉन्टार्फ, काब्रा, फिंग्लस, बॅलीफरमॉट अशी नावं एकदमच गेली, आणि डब्लिन नॉर्थ-ईस्ट हे जुनं नाव परत आलं. आयोगाची पद्धत तेव्हापासून रुळली. 2023 पासून हे काम तिथल्या स्वतंत्र निवडणूक आयोगाकडे आहे.

या सगळ्याला घटनेची चौकट आहे आणि तीही स्टॅट्यूट बुकात वाचायला मिळते. कलम 16: दर 20,000 ते 30,000 लोकसंख्येमागे एक सदस्य, दर बारा वर्षांत किमान एकदा फेररचना, आणि कुठलाही मतदारसंघ तीनपेक्षा कमी जागांचा नाही. लोकसभेच्या राज्यवार जागा 1971च्या जनगणनेवर थांबवून ठेवलेल्या देशात हे कलम सावकाश वाचण्यासारखं आहे. टलींनी तीनच्या खाली जाणं घटनेने अडवलं होतं, म्हणून तीन.

ज्यांना आर्टेनपेक्षाही जुन्या, ब्रिटिश संसदेच्या काळातल्या अल्पायुषी मतदारसंघांकडे जायचं आहे, उदाहरणार्थ 1918 मध्ये तयार झालेले डब्लिन पेम्ब्रोक, डब्लिन रॅथमाइन्स किंवा डब्लिन सेंट जेम्सेस, त्यांना ही दोन संकेतस्थळं अर्ध्यापर्यंतच नेतात. त्यांचा कायदा वेस्टमिन्स्टरचा आहे आणि त्यावरची चर्चा हॅन्सार्डमध्ये, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या चर्चांच्या नोंदींमध्ये आहे. 1803 पासूनच्या त्या नोंदीही मोफत आहेत. पण पेम्ब्रोकमधून 1918 ला निवडून आलेले डेस्मंड फिट्झगेरल्ड तिथे बोलताना सापडणार नाहीत, कारण स्वातंत्र्यवादी शिन फेन पक्षाचे सदस्य वेस्टमिन्स्टरला गेलेच नाहीत. त्यांच्यासाठी 21 जानेवारी 1919 ही तारीख टाकून इरॅक्टसच्या नोंदींकडे परत यायचं. पहिल्या डॉइलची पहिली बैठक त्या दिवशी डब्लिनच्या मॅन्शन हाउसमध्ये झाली. रॅथमाइन्सचे मॉरिस डॉक्रेल मात्र युनियनिस्ट, म्हणजे ब्रिटनशी जोडलेलं राहण्याच्या बाजूचे. ते हॅन्सार्डमध्येच शोधायचे.